संपात अडकलेल्या मालिका: पुढे बघायच्या की तिथेच सोडायच्या?

वाळवण

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या लायब्ररीने जुना माल विकायला काढला होता. तिथे 'हीरोज' या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या दोन सीझनच्या डीव्हीडी मिळाल्या, दोन्ही मिळून तीन डॉलर. आपल्या घरात डीव्हीडी प्लेअर आहे हे मुलीला तेव्हा कळलं. (वय चौदा. "हे कुठे लावायचं?" इथपासून सुरुवात.)

पहिला सीझन तिने आठ दिवसांत फस्त केला. २३ भाग. दुसरा लावला तर अकराव्या भागात खेळ खलास. पाहुणे दारात आल्यावर पसारा पलंगाखाली ढकलावा तसा शेवट. तिने खोका उलटापालटा करून पाहिला, एखादी डिस्क हरवली की काय म्हणून.

मग तिला सांगितलं, बाई गं, तेव्हा हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला होता. ५ नोव्हेंबर २००७ ते १२ फेब्रुवारी २००८, शंभर दिवस. २४ भाग व्हायचे होते, ११ वर आटपलं.

मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन अमेरिकेत एडिसनला आले होते. एच-४ व्हिसा, नोकरीची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, नवरा सकाळी सातला जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. सोमवारची रात्र म्हणजे हीरोज. दुपारपासून वाट बघायचे. त्यात मोहिंदर सुरेश नावाचा आपल्याकडचा माणूस, त्याचंही अप्रूप. डिसेंबर लागला, शेवटचा भाग झाला आणि मग नुसता बर्फ आणि जुने भाग. संपाची बातमी मी धड वाचलीसुद्धा नव्हती. राग मात्र भयंकर आला होता, कुणाचा ते मलाच माहीत नव्हतं.

तर लेकीचा प्रश्न असा, की संप फेब्रुवारीत मिटला ना, मग उरलेले भाग नंतर का नाही केले? मला काही सांगता आलं नाही. आणि माझा प्रश्न, तिला तिसरा सीझन दाखवू का? मी स्वतः दोन भाग बघून सोडला होता. तुमच्याही अशा संपात बुडालेल्या मालिका असतील तर लिहा.

शेवटचा_बाक

रुमाल टाकून ठेवतो. रात्री लिहितो.

तळेगावकर

ब्रेकिंग बॅड! संपाने भलं केलेली एकमेव मालिका. पहिल्या सीझनचे नऊ भाग व्हायचे होते, सातच झाले. आणि त्या राहिलेल्या दोन भागांत नायक वॉल्टरचा साथीदार जेसी याला मारायचं ठरलं होतं. संप झाला म्हणून पोरगं वाचलं. नाहीतर पुढे इतकी वर्षं वॉल्टरने खेकसायचं कुणावर?

निमूट

तळेगावकर, ही गोष्ट सगळीकडे फिरते पण खरी नाही. मूळ बेतात जेसी पहिल्या सीझनच्या शेवटी मरणार होता, इथवर बरोबर. पण जेसी करणाऱ्या आरन पॉलचं काम बघून तो बेत पहिल्या एक-दोन भागांतच गुंडाळला होता, असं मालिकेच्या कर्त्या विन्स गिलिगनने स्वतःच सांगितलंय. संप नंतर आला. त्याने फक्त भाग खाल्ले.

तळेगावकर

अरेच्चा. पंधरा वर्षं मी हे ऑफिसात सांगत आलोय. आता सोमवारी तोंड कसं दाखवू?

बर्बँकचा_बंड्या

वाळवणताई, आधी लेकीच्या प्रश्नाचं उत्तर. संप मिटला म्हणून दुसऱ्या दिवशी भाग येत नाही. लेखक परत एका खोलीत बसणार, पुढची गोष्ट ठरवणार, मग पटकथा, मग शूटिंग, मग संकलन. विनोदी मालिकेला महिना-सव्वा महिना लागतो, हीरोजसारख्या उडाउडीच्या मालिकेला जास्त. १२ फेब्रुवारीला संप मिटला आणि इथला हंगाम मे महिन्यात संपतो. म्हणजे फार तर पाच-सहा भाग पदरात पडले असते. चॅनलने हिशोब केला की त्यापेक्षा सप्टेंबरातच नव्याने काढू. उरलेली गोष्ट तशीच राहिली.

कोण कधी थांबतं त्याचाही क्रम असतो. रात्रीचे गप्पांचे कार्यक्रम पहिल्याच दिवशी बंद, कारण त्यांचे विनोद सकाळी लिहून संध्याकाळी म्हणायचे असतात. दुपारच्या सोप मालिकांकडे काही आठवड्यांचा साठा असतो. मग विनोदी मालिका, मग तासाभराच्या. सिनेमावाल्यांना वर्षभराने कळतं की यंदा काही येतच नाही.

मी कामाने आयटीवाला, या धंद्याशी संबंध शून्य. पण २ मे २०२३ ला पुढचा मोठा संप सुरू झाला तेव्हा माझ्या रोजच्या रस्त्यात दोन स्टुडिओंची फाटकं लागायची. माणसं पाट्या घेऊन चकरा मारतायत, रस्त्याने जाणारे पाठिंबा म्हणून हॉर्न वाजवतायत. मीही वाजवायचो. भारतातून आलेल्या माणसाला इथे हॉर्न वाजवायची इतकी हक्काची संधी दुसरी मिळत नाही. लेखकांनीच लिहिलेल्या पाट्या, त्यामुळे वाचायलाही मजा. माझ्या पुढची गाडी एकदा सिग्नल हिरवा झाला तरी हलेना, बाई पाटी वाचत होत्या.

१४ जुलैपासून नटमंडळीही संपावर आली. दोघं एकाच वेळी बाहेर असं १९६० नंतर पहिल्यांदाच. आणि त्याच सुमारास एका मोठ्या स्टुडिओबाहेरची फुटपाथवरची झाडं छाटून पार बोडकी केली. ऐन जुलैत, जिथे हे लोक चकरा मारत होते तिथलीच. स्टुडिओचं म्हणणं, ही तर दरवर्षीची छाटणी. झाडं शहराची, परवाना काढला नव्हता, म्हणून दंड झाला. किती? २५० डॉलर.

भेळवाली

२५० डॉलर!! आमच्या सोसायटीत सेक्रेटरींनी गुलमोहर छाटला त्याची भांडणं तीन वर्षं चालू आहेत. दोन माणसं अजून एका लिफ्टने जात नाहीत.

बाकी वाचतेय. छान धागा.

सुपारीचं_खांड

२००८ चा जानेवारी मला चांगला आठवतो. मी तेव्हा मास्टर्सला होतो, चौघांत एक टीव्ही. रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा सूत्रधार कोनन ओब्रायन २ जानेवारीला लेखकांविनाच परतला, दाढी वाढवून. म्हणायला काही लिहिलेलंच नाही, तर पठ्ठ्या टेबलावर लग्नाची अंगठी भिंगरीसारखी फिरवायचा आणि किती सेकंद फिरते ते मोजायचा. बास. एवढाच कार्यक्रम. आणि आम्ही चौघं परीक्षेचा अभ्यास टाकून अंगठी बघतोय.

दुसरा सूत्रधार लेटरमन, त्याची निर्मिती कंपनी त्याची स्वतःची. त्याने लेखकांच्या संघटनेशी परस्पर करार करून टाकला आणि लेखकांसकट परत आला. जॉन स्टुअर्टने तर 'द डेली शो' चं 'अ डेली शो' केलं. लेखक नाहीत म्हणजे हा 'तो' कार्यक्रम नव्हेच, नुसता 'एक' कार्यक्रम. एका अक्षरात सगळं आलं.

२०२३ ला असं कुणी केलं नाही. रात्रीच्या कार्यक्रमांच्या पाच सूत्रधारांनी मिळून पॉडकास्ट काढला आणि त्याचे पैसे आपापल्या बिनकामाच्या कर्मचाऱ्यांना दिले.

कोथरूडचे_आजोबा

मला यात लेखकांचं कौतुक काय ते कळलं नाही. डॉलरमध्ये कमावणाऱ्यांनी फाटकापाशी चकरा मारायच्या आणि नुकसान कुणाचं? बघणाऱ्याचं. त्या वाळवणबाई बर्फात एकट्या बसल्या, त्यांना कुणी विचारलं का? शिवाय एकदा काम केलं, पैसे घेतले, विषय संपला. सुताराने टेबल करून दिलं की आपण त्यावर जेवताना दरवेळी त्याला पैसे देतो का?

निमूट

आजोबा, टेबल तुम्ही घरात ठेवलंत तर प्रश्नच नाही. पण तेच टेबल तुम्ही रोज नव्या गिऱ्हाइकाला भाड्याने देत असाल तर? तिथे सुतार म्हणतो, मला भाड्यातला वाटा द्या, म्हणून पहिली मजुरी मी कमी घेतो. अमेरिकेत हा वाटा देण्याची पद्धत जुनी आहे, त्याला रेसिड्यूअल म्हणतात. एक मालिका संपून दुसरी मिळेपर्यंत लेखकाचं घर त्यावर चालतं.

२००७ चं मुख्य भांडण याच वाट्याचं. एका डीव्हीडीमागे लेखकाला साधारण ४ सेंट मिळायचे, त्यांनी ८ मागितले. ते मिळाले नाहीतच, ती मागणी सोडून द्यावी लागली. त्याऐवजी इंटरनेटवर दाखवलेल्या कामाचे पैसे पदरात पाडले. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं की भलतंच मागून बसले, इंटरनेटवर मालिका बघणार कोण?

तिथेही पुढे गळती लागलीच. २०२३ च्या उन्हाळ्यात 'सूट्स' ही जुनी मालिका स्ट्रीमिंगवर आली आणि तुफान चालली. तिच्या एका लेखकाने वर्तमानपत्रात लिहिलं होतं, की सुरुवातीच्या सहा लेखकांच्या ११ भागांचे सगळ्यांचे मिळून तिमाहीचे ३००० डॉलरसुद्धा झाले नाहीत.

(वाळवणताईंच्या तीन डॉलरमधून लेखकाला शून्य. पण ते लायब्ररीला गेले, चालायचंच.)

कोथरूडचे_आजोबा

टेबल भाड्याने. हं. विचार करतो. संपाला विरोध कायम.

परळकर

एरवी नुसता वाचतो. संपाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

आमचे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. पहिला महिना आम्हा पोरांना मजाच वाटली, बाबा दिवसा घरी. गणपतीपर्यंत आईची पाटल्यांची जोडी गेली होती. दोन काका गावी गेले ते परत आलेच नाहीत. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, असं बाबा शेवटपर्यंत सांगायचे, म्हणजे हिशोबाने ते अजून संपावरच होते. तेव्हा संप म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पाट्या आणि हॉर्न येत नाहीत.

तुलना करत नाहीये. कॅलिफोर्नियाचा लेखक आणि लालबागचा साचेवाला यांत काही साम्य नाही. फक्त एक गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नव्हती, ती बाबा नंतर बोलायचे. गिरण्या बंद पडल्या, पण दुकानात कापड कमी पडलं नाही. भिवंडी, इचलकरंजीचे माग धडधडत होते. ज्याला साडी घ्यायची होती त्याला साडी मिळत होती. गिऱ्हाईक अडलंच नाही तर मालक कशाला अडेल?

तर माझा प्रश्न बंड्या आणि निमूट यांना. तिकडे टीव्हीवर 'भिवंडीचं कापड' काय होतं?

बर्बँकचा_बंड्या

परळकर, दोनदा वाचला तुमचा प्रतिसाद.

तिकडचं भिवंडी म्हणजे रिअॅलिटी शो. कागदोपत्री लेखक लागत नाही, स्वस्तात होतो, संपात आणखी जोमात. १९८८ चा संप ७ मार्च ते ७ ऑगस्ट, आजवरचा सगळ्यात लांब. पोलिसांच्या गाडीत कॅमेरा घेऊन फिरायचं, त्याला लेखक नाही की नट नाही, असा 'कॉप्स' हा कार्यक्रम पुढच्याच वर्षी पडद्यावर आला आणि दशकानुदशकं चालला. २००८ च्या जानेवारीत 'अप्रेंटिस'चा सेलिब्रिटी अवतार आला. त्याचे यजमान ट्रम्प पुढे कुठे पोचले ते सांगायला नको.

२०२३ ला आणखी एक भिवंडी होतं, जुना साठा. स्ट्रीमिंगवर एवढं पडलेलं असतं की प्रेक्षकाला चार महिने संप आहे हे जाणवतसुद्धा नाही. एका मोठ्या चॅनलने तर केबलवर गाजून झालेली 'यलोस्टोन' पहिल्या भागापासून आणून लावली आणि लोकांनी बघितली. तरी २७ सप्टेंबरला, १४८ दिवसांनी, लेखकांच्या बऱ्याचशा मागण्या मान्य करूनच तो मिटला. कारण जुनं बघणारे बघतात, पण नवं काही नाही म्हटल्यावर वर्गणी किती दिवस भरतील, याची भीती कंपन्यांना होतीच. शिवाय नट बाहेर होते.

शेवटचा_बाक

आलो. रुमाल उचलतो.

१९८८ वरून आठवलं, त्या संपाने 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'च्या दुसऱ्या सीझनचेही भाग खाल्ले. पहिल्याला २६, दुसऱ्याला २२. सीझनचा पहिलाच भाग सत्तरच्या दशकात न झालेल्या मालिकेसाठी लिहून ठेवलेल्या संहितेवर बेतला. आणि शेवटचा भाग म्हणजे नायकाचा एक सहकारी बेशुद्ध पडतो आणि त्याला जुन्या भागांतले प्रसंग आठवतात! तिथे पैसेही संपले होते म्हणतात. पण कालच्या भाताला आज फोडणी, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

मूळ प्रश्नावर माझं मत, हीरोजचं खापर संपावर फोडू नका. दुसरा सीझन मुळातच रेंगाळत होता. निर्माता टिम क्रिंगने त्याच नोव्हेंबरात जाहीरपणे कबूल केलं होतं की आमचं चुकलं, गोष्ट हलायला वेळ लागतोय. संप हा त्यांना मिळालेला पावसाचा सुट्टीचा दिवस होता. त्या सुट्टीत अभ्यास करून आले असते तर गोष्ट वेगळी.

खरी बळी 'पुशिंग डेझीज'. नऊ भाग झाले, लोकांना आत्ता कुठे गोडी लागत होती, तेवढ्यात दुकान बंद. परत आली ती पुढच्या ऑक्टोबरात. तोवर माणसं विसरली. महिन्या-दीड महिन्यात गाशा गुंडाळला.

तिखटमीठ

'फ्रायडे नाइट लाइट्स' कुणी पाहिली आहे का? दुसऱ्या सीझनमध्ये सँटियागो नावाचा मुलगा येतो. सुधारगृहातून सुटलेला, एक माणूस त्याला घरी ठेवून घेतो, फुटबॉल शिकवतो. जीव लागतो हो त्या पोराला. २२ पैकी १५ भाग झाले आणि संप. तिसरा सीझन सुरू झाला तर सँटियागो नाहीच. कुणी त्याचं नावही काढत नाही. ज्याने घरी ठेवलं तोही काढत नाही. मी नवऱ्याला विचारलं, मी काही भाग बघायचे राहिले का? मालिकेत माणूस मेला तर निदान रडता येतं.

एपिसोड_क्र_४१२

सगळा धागा वाचला, आता राहवत नाही. मी मराठी दैनंदिन मालिका लिहिते. चॅनल, मालिका काही सांगणार नाही, विचारू नका.

इथे लेखकांचा संप झाला तर प्रेक्षकांना केव्हा कळेल? तिसऱ्या दिवशी. आमच्याकडे भागांची 'बँक' असावी असा नियम असतो, दहा-बारा भाग तयार हातात. प्रत्यक्षात मी दोनच्या बँकेवर महिने काढलेत. आठवड्याला सहा भाग, महिन्याला पंचवीस-सव्वीस. अमेरिकेत वर्षभरात जेवढे होतात तेवढे. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद माझे. वन-लाइन, म्हणजे भागाचा थोडक्यात आराखडा, चॅनलकडे जाते, तिथून फिरून येते, मग पटकथा, मग माझ्याकडे. बऱ्याचदा माझ्याकडे येते ती रात्री अकराला आणि सकाळी सातची शिफ्ट असते.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री पावणेदोनला फोन, सासूचं काम करणाऱ्या ताईंना ताप आहे, उद्या येणार नाहीत, चार सीन त्यांच्यावाचून करून दे. मी फोनवर टाइप करतेय, लाइट गेलेले, मुलगा शेजारी झोपलेला. तिसऱ्या सीनमध्ये सासूच्या तोंडी असलेलं रहस्य आता कुणी सांगायचं? मोलकरणीला दिलं. पहाटे पाचला पाठवलं. दुसऱ्या आठवड्यात मोलकरणीच्या त्या सीनला टीआरपी मिळाला म्हणून तिचा ट्रॅक वाढवायला सांगितला. ती बाई आता मालिकेत प्रमुख आहे. तिला माहीत नाही की ती एका तापातून जन्मली.

पैसे भागामागे, आणि हातात येतात नव्वद दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. करारात सगळे हक्क कायमचे लिहून द्यायचे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीत लेखकाच्या रॉयल्टीचा हक्क आला, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत बोललेले आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण माझ्या कुठल्या मालिकेचं पुनःप्रसारण झाल्यावर मला रुपया आला, असं अजून झालं नाही. मुंबईत पटकथालेखकांची संघटना आहे, मी सभासद आहे, वादात नडलेल्या लेखकाला ती मदतही करते. पण ज्याखाली जाताच येणार नाही अशा किमान दराचा करार मी आजवर एकाही निर्मात्याकडे पाहिलेला नाही. अमेरिकेतल्या संघटनेचं बळ त्या करारात आहे. मोठे स्टुडिओ त्या कराराने बांधलेले, म्हणून साडेअकरा हजार लेखक एका दिवसात थांबू शकले. इथे मी आज थांबले तर उद्या माझ्या जागी दुसरी येईल, आणि मला तिचा रागही येणार नाही. मीही तशीच आले होते.

परळकरांच्या भाषेत सांगायचं तर आम्हीच साचेवाले आणि आम्हीच भिवंडी.

भेळवाली

_/\_

कोथरूडचे_आजोबा

ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून वाईट वाटलं. रात्री दोनला फोन करणं हे काही बरोबर नाही. पण एक विचारतो, ती रात्री आठची मालिका तुमची नव्हे ना? त्यात विहिरीत पडलेला थोरला मुलगा परत येणार आहे का? हिला फार काळजी लागून राहिली आहे.

एपिसोड_क्र_४१२

आजोबा, ती माझी नाही. पण प्रेत दाखवलेलं नाही ना? मग येणार. काकूंना म्हणावं निश्चिंत राहा.

मिरामार

आमच्याकडे गोव्यात २०२१ मध्ये तुमच्या कितीतरी मालिका आल्या होत्या, महाराष्ट्रात कोविडमुळे शूटिंग बंद होतं तेव्हा. मे महिन्यात इथेही परवानग्या रद्द झाल्या आणि सगळे बिऱ्हाड उचलून चालते झाले. आमच्या वाड्यावरच्या बंगल्यात एक लग्न अर्धं राहिलं. मांडव बरेच दिवस तसाच होता, त्यात कोंबड्या फिरायच्या. संपाशी संबंध नाही, आठवलं म्हणून सांगितलं.

शेवटचा_बाक

अवांतर असेना का, कोंबड्यांचा मांडव या धाग्यावरचा सर्वोत्तम देखावा आहे.

पण खरंच, नोव्हेंबर २००८ कुणाला आठवतोय? हिंदी मालिकांचं कामगारांच्या वेतनावरून भांडण झालं, शूटिंग थांबलं, सगळ्या चॅनलांवर जुने भाग. 'बालिका वधू' नुकतीच गाजायला लागली होती. आमची आजी रोज आठ वाजता तोच भाग पुन्हा बघायची आणि रोज म्हणायची, "आज काही पुढे सरकलं नाही." एरवीही तेच म्हणायची म्हणा.

रोटोभाजी

आता माझीही कहाणी घ्या. मी गोरेगावला व्हीएफएक्समध्ये रोटो करायचो. म्हणजे परदेशी मालिकेतला एकेक फ्रेम घेऊन नटाच्या कडेकडेने रेघ ओढायची, केसन् केस, म्हणजे त्याच्यामागे नंतर ड्रॅगन किंवा अंतराळ लावता येतं. दिवसभर कुणाच्या तरी कानाभोवती माउस फिरवणे, हा माझा व्यवसाय.

मे २०२३ ला संप झाला तेव्हा आम्ही हसत होतो. कामाचा नुसता पूर आलेला, आधी शूट केलेलं सगळं आमच्याकडेच येत होतं. जुलैत नट बाहेर पडले तेव्हाही शनिवारी बोलावत होते. मग दिवाळीच्या आसपास रांग आटायला लागली. ९ नोव्हेंबरला नटांचा संप मिटला, बातमी बघून आम्ही कँटीनमध्ये वडापाव वाटले. खरा दुष्काळ त्याच्यानंतर! कारण बंड्याभाऊ म्हणतात तेच, संप मिटला म्हणजे लगेच माल येत नाही. आधी लिहिणार, मग शूट करणार, मग आमच्याकडे. आमच्या कंपनीने आधी अर्धा पगार केला, मग बाकावर बसवलं, फेब्रुवारीत नारळ. मजल्यावरचे चाळीस जण गेले. माझा हप्ता होता टू-व्हीलरचा, तो भावाने भरला.

राग लेखकांचा येत नाही. मागत होते ते बरोबरच असेल. पण त्यांना संपनिधी होता, पाट्या होत्या, कुणी हॉर्न वाजवत होतं. आम्ही कुणाच्या संपात बेकार झालो हे घरी समजावून सांगताना माझी फे फे उडायची. आई म्हणायची, "तिकडच्या लेखकांनी लिहिणं बंद केलं, तर तुझा माउस कशाने बंद पडला?"

सध्या लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. बरं चाललंय.

परळकर

रोटोभाजी, काका गावी गेले ते असेच. त्यांचा मालकाशी तंटा नव्हता की युनियनशी. गिरणीसमोर त्यांची खाणावळ होती.

तळेगावकर

एक राहिलं. २०२३ च्या करारात कृत्रिम बुद्धिमत्तेचंही कलम होतं ना? यंत्राने लिहिलेलं लेखन म्हणून धरायचं नाही आणि ते वापरायची लेखकावर सक्ती करायची नाही, असं काहीसं. (यावेळी आधी तपासलंय, निमूट.) आपल्याकडे मात्र यंत्राने मालिका लिहिल्या तर कुणाला फरक कळेल का? ह. घ्या.

एपिसोड_क्र_४१२

घेतलं हलकं. एका क्रिएटिव्हने मला तसला सारांश पाठवलाच होता. त्यात सासू आणि सून बसून शांतपणे बोलतात आणि गैरसमज दूर होतो. मी म्हटलं, अहो, मग उद्या काय दाखवायचं?

निमूट

तळेगावकर, यावेळी बरोबर. :)

वाळवणताई, तुमचा मूळ प्रश्न बाजूला पडला. तिसरा सीझन दाखवायच्या आधी एक करा. तुमच्याकडचा खोका जर सीझन दोनचा मूळ संच असेल, तर शेवटच्या डिस्कवर जादाचे व्हिडिओ असतात तिथे बघा. संप होणार असं दिसू लागल्यावर त्यांनी अकराव्या भागाचा शेवट बदलून पुन्हा शूट केला. आधी शूट केलेला शेवट त्यात द्यायला हवा.

वाळवण

इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. तीन दिवस पाहुणे होते म्हणून येता आलं नाही.

निमूट, सापडला! चौथ्या डिस्कवर, मेनूत पार तळाला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

आपण टीव्हीवर बघितलं त्यात त्या विषाणूची कुपी खाली पडता पडता झेलली जाते आणि सगळं निस्तरतं. मूळ शेवटात ती झेलता येत नाही. फुटते. बास, काच फुटल्याचा आवाज आणि सगळ्यांचे चेहरे. पुढचे महिने ती साथ पसरायची होती. मी २००७ ला एडिसनच्या त्या खोलीत बसून झेललेली कुपी पाहिली आणि सुटल्यासारखं वाटून झोपले होते.

लेकीने तो तुकडा तीनदा पाहिला. मग म्हणाली, हा खरा शेवट आहे, मी आता इथेच थांबते, तिसरा नको. मी म्हटलं, अगं, कुपी फुटली तर पुढे काय झालं ते नको का कळायला? तर म्हणे, "ते लिहिलंच नाहीये ना कुणी."

आजोबा, तुमच्या टेबलाची गोष्ट तिला सांगितली. तिने विचारलं, सुताराला जेवायला बोलावता का?

कोथरूडचे_आजोबा

बोलावतो की. दर गणपतीत.

तिखटमीठ

वाळवणताई, खोका रिकामा झाला असेल तर पाठवता का? मी फिलाडेल्फियाला असते. टपालखर्च माझा. बदल्यात सँटियागो आहे तेवढा देते.